लेकरू कुणाच्या पटावर?

आमच्या भागातली झेडपीची शाळा बघायची तर वर्षातून दोनदा बघावी, एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा डिसेंबरात. ऑगस्टमध्ये बसायला बसकरपट्ट्या पुरत नाहीत, आणि डिसेंबरात त्याच वर्गात पुढच्या दोन ओळी भरल्या तरी बरं वाटतं. मधे काय झालं, तर साखर कारखान्यांची धुराडी पेटली. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली ही गावं, बीड जिल्ह्यातले पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज हे तालुके, दसरा झाला की रिकामे व्हायला लागतात आणि दिवाळीनंतर तर गल्लीच्या गल्ली कुलपं दिसतात. माणसं ऊस तोडायला जातात साताऱ्याला, सांगलीला, कोल्हापूरला, सोलापूरला, काही थेट कर्नाटकात बेळगावकडे. कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. तोवर शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं.

मी याच पट्ट्यातल्या एका शाळेत शिकवते. ऊसतोडीवर लिहिणारे पुष्कळ आहेत, उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, मजूर गोळा करून नेणारा मुकादम, मजुरी, बायकांचे हाल यावर चांगलं लिहून झालंय आणि अजून लिहायला पाहिजे. मला इथं फक्त लेकरांबद्दल लिहायचंय, आणि त्यातही एकाच प्रश्नाबद्दल. जे मूल दिवाळीनंतर माझ्या वर्गातून उठून दोन-तीन जिल्हे ओलांडून जातं, ते पुढचे पाच-सहा महिने कुणाचं असतं? आईबापाचं असतंच, पण सरकारातल्या कुणाचं? सकाळी हजेरी घेताना आज हे लेकरू दिसलं नाही, बघून यायला पाहिजे, असं म्हणायची जबाबदारी नेमकी कुणावर असते?

कायद्यात याचं उत्तर आहे आणि चांगलं स्पष्ट आहे. आरटीई, म्हणजे 2009 चा शिक्षण हक्क कायदा, 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला. लोकांना त्यातलं खासगी शाळांमधलं 25 टक्के आरक्षण माहीत असतं कारण दरवर्षी त्याच्या लॉटरीच्या बातम्या येतात. पण माझ्या मते या कायद्याचा जीव आहे तो कलम 9 मध्ये. स्थानिक प्राधिकरण, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका, यांनी काय करायचं ते तिथे ओळीनं दिलंय. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवायची, प्रत्येकाचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं यावर लक्ष ठेवायचं, आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळतो की नाही हे बघायचं, हे तर वेगळं पोटकलम टाकून सांगितलंय. कलम 5 सांगतं की आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही. कलम 14 सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणूनही अडवायचा नाही.

म्हणजे ज्या दिवशी सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या शिवारात कोपी, म्हणजे ऊसतोड मजुरांची तात्पुरती झोपडी, उभी राहिली त्या दिवशी त्यातलं सहा ते चौदा वर्षांचं लेकरू सांगली जिल्हा परिषदेचं झालं. मग अडतं कुठं? दोन हद्दींच्या मधे अडतं. तिथं हातातून हातात द्यायला कुणी नसतं.

बाहेरच्या माणसाला हे कळायला संचमान्यता काय असते ते सांगावं लागेल. शाळेत किती शिक्षक ठेवायचे हे पटावर ठरतं, आणि तो पट धरला जातो 30 सप्टेंबरचा, तोही आधार व्हॅलिड झालेला. आमची लेकरं 30 सप्टेंबरला आमच्याकडे असतात. त्यामुळे पाठवणाऱ्या शाळेला नाव कमी करायचं नसतं, शिक्षक अतिरिक्त ठरायची भीती असते आणि ती खोटी नाही, छोट्या शाळांच्या डोक्यावर तर ती कायमच असते. आणि तिकडच्या, म्हणजे कारखान्याकडच्या शाळेत ही मुलं जातात नोव्हेंबर-डिसेंबरात, तारीख उलटून गेल्यावर. म्हणजे वर्गात पंधरा-वीस मुलं वाढली, सगळी वेगवेगळ्या इयत्तांची, काहींना वाचता येत नाही, मार्चमध्ये निघून जाणार, आणि त्यांच्यासाठी शिक्षक वाढून मिळणार नाही. मग तिथला मुख्याध्यापक उत्साहानं उसाच्या फडावर जाऊन मुलं शोधत नसेल तर मी त्याला एकट्याला दोष कसा देऊ? काहीजण तरी जातात, त्यांचं सांगतेच पुढे. पण व्यवस्था अशी आहे की जो मूल धरून ठेवेल त्याच्या पदरात काम पडतं आणि जो सोडून देईल त्याला कुणी विचारत नाही.

विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी पोर्टलांवर तर ते मूल हलतच नाही. सरलवर आमच्याच शाळेत, यू-डायसवर आमच्याच शाळेत. दाखला काढला असता तर ऑनलाइन ट्रान्सफर झालं असतं, पण पाच महिन्यांसाठी दाखला कोण काढतं, आणि काढला नि तिकडच्या शाळेनं नाव ओढून घेतलं नाही तर लेकरू ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे कुठल्याच शाळेत नसलेल्या मुलांच्या यादीत, जाऊन पडतं. त्यासाठीच शिक्षण हमी पत्र काढलेलं आहे. मूल कुठल्या इयत्तेत आहे, काय येतं, कुठल्या शाळेचं आहे हे लिहिलेलं एक कार्ड आम्ही जाताना देतो, म्हणजे जिथं जाईल तिथं त्याच्यावर शाळेत बसता यावं. कल्पना चांगलीय, मी स्वतः प्रत्येक लेकराचं कार्ड भरून देते आणि देत राहीन. पण ते कार्ड कुणाच्या हातात असतं? लेकराच्या, नाहीतर त्याच्या आईच्या.

ही कुटुंबं निघतात तो दिवस बघायला पाहिजे. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या नाहीतर ट्रक, तो गावाच्या पाराजवळ लागतो दुपारी आणि निघतो रात्री. त्यात चढवतात ज्वारी-बाजरीची पोती, पत्र्याच्या पेट्या, प्लॅस्टिकचे बॅरल, घडी केलेल्या ताडपत्र्या, कोपीला लागणारे बांबू, गोधड्या, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या, एखादी शेळी, आणि कापडात गुंडाळलेले कोयते. सगळ्यात शेवटी माणसं. एका आईला मी हमी पत्र दिलं तेव्हा तिनं ते वाचायचा प्रश्नच नव्हता, तिनं ते उलटंपालटं करून बघितलं, पिशवीतून रेशनकार्डाची प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि त्यात आधार कार्डांच्या मधे नीट सरकवून ठेवलं. म्हणाली, "मॅडम, हे दाखिवलं की घेत्याल ना?" मी म्हटलं घेतील, घ्यायलाच पाहिजे. "पर दाखवायचं कुणाला? आमी तर रातीचं फडात असतो." तिचा प्रश्न बरोबर होता. तोड सुरू होते पहाटे अंधारात, गाडी भरायला आली तर रात्री दहालाही भरावी लागते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि एका दिवसाची सुट्टी घेतली तर खाडा म्हणून पैसे कापतात. शाळा शोधायची, मुख्याध्यापकाला भेटायचं, कार्ड दाखवायचं, यासाठी तिला दिवस मोडावा लागणार, म्हणजे खाडा पडणार, म्हणजे उचल फिटायला तेवढा उशीर. आईच्या एका गैरहजेरीचा हिशोब लागलीच लागतो आणि पोराच्या पाच महिन्यांच्या गैरहजेरीचा कुणी मांडत नाही.

आणि पोरं तिकडे नुसती बसून नसतात. मोठी बहीण धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. बारा-तेरा वर्षांचा मुलगा मोळ्या बांधायला लागतो, वाढं गोळा करतो, आणि एका हंगामात त्याच्या हातात कोयता येतो. बापाला एकट्याला अर्धा कोयता म्हणतात, मुलगा बरोबर धरला की कसाबसा पूर्ण होतो. असा एकदा कोयता धरलेला मुलगा परत सातवीच्या बाकावर बसणं फार अवघड असतं, त्याला घरात मोठ्या माणसाचा मान मिळालेला असतो आणि वर्गात आल्यावर त्याला भागाकार येत नसतो.

मग लेकरं न्यायचीच कशाला, इथेच ठेवा, हा दुसरा मार्ग. त्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत, समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून पैसे येतात आणि शाळा व्यवस्थापन समिती ती चालवते. नाव वसतिगृह असलं तरी आमच्याकडे बहुतेक ठिकाणी मुलं जेवतात शाळेत आणि झोपतात आजीकडे, चुलत्याकडे, शेजारी. मी या योजनेच्या पूर्ण बाजूची आहे. ज्या वर्षी ते वेळेवर सुरू होतं त्या वर्षी निम्म्याहून जास्त मुलं गावात राहतात, हे मी डोळ्यानं बघितलंय. पण वेळेवर हाच सगळा प्रश्न असतो. आईबाप ठरवतात ते दसऱ्याच्या आसपास, मुकादमाची गाडी यायच्या आधी. तेव्हा त्यांना पक्कं सांगता यायला पाहिजे की उद्यापासून दोन वेळचं जेवण आहे, संध्याकाळी अभ्यासाला माणूस आहे, पोरगी असेल तर बाई आहे. मंजुरी त्यानंतर आली तर गाडी निघून गेलेली असते, आणि मागे राहिलेल्या मोजक्या मुलांसाठी चूल पेटवून काय करणार. मंजुरीची फाईल ऑगस्टमध्येच हलायला पाहिजे, स्थलांतर काही अचानक येत नाही, दरवर्षी ठरल्या दिवसांत होतं.

आजीचंही बोलायला पाहिजे. पाच महिने चार-चार नातवंडं सांभाळणाऱ्या या बायका सत्तरीच्या असतात, गुडघे गेलेले, एक डोळा मोतीबिंदूनं झाकलेला. रात्री पोरगं तापानं फणफणलं तर ती कुणाला उठवणार? आमच्या अंगणवाडीताईंनी आणि आशाताईंनी मिळून अशा घरांची यादी केलीय आणि संध्याकाळी एक चक्कर मारतात, त्याचा त्यांना वेगळा पैसा मिळत नाही. शासनानं 41 तालुक्यांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींची 82 वसतिगृहं मंजूर केलीत, शंभर-शंभर मुलांची, एक मुलांचं एक मुलींचं. ती सगळी पूर्ण क्षमतेनं चालायला हवीत ही माझी कळकळीची मागणी आहे, पण पहिली-दुसरीतलं लेकरू तालुक्याला एकटं ठेवायला कुठल्याच आईचं मन होत नाही, त्यामुळे गावातली सोय लागणारच.

आता मुलींचं. ही गोष्ट लिहिताना मी ओळख पटेल असं काही लिहिणार नाही. एक मुलगी होती, वर्गात पहिल्या पाचात, अक्षर मोत्यासारखं. आजी नव्हती, ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून आईबापानं बरोबर नेली. परत आली एप्रिलमध्ये ती गळ्यात मंगळसूत्र घालून. तिकडेच, टोळीतल्याच एका कुटुंबात लग्न लावून दिलं. आई मला म्हणाली, "आमी दोघं फडात, पोरगी कोपीवर एकली, कुणाच्या भरवशावर ठिवायची?" कोपीला दार नसतं. आणि लग्न झालं की तो नवा कोयता होतो, त्याची वेगळी उचल मिळते, हेही खरं आहे.

या जिल्ह्यात लग्नं लवकर होतात हे सगळ्यांना माहीत असतं, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात 21.9 टक्के आणि बीडमध्ये 43.7 टक्के निघाल्या. पण माझ्या मनात घोळत राहतो तो दुसराच मुद्दा. गावात बालविवाह ठरला असता तर चार डोळे होते. ग्रामसेवक हा कायद्यानं बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडीताई, शाळा, आणि नुसतं 1098 ला कळवलं तरी यंत्रणा हलते, आमच्या भागात अशी लग्नं मांडवातून थांबवलेली आहेत. पण ते लग्न लागलं तिकडे शिवारात. त्या गावच्या ग्रामसेवकाला ती मुलगी माहीतच नव्हती, तिथल्या शाळेला माहीत नव्हती, कारण तिथल्या पटावर ती कधी आलीच नाही. त्या महिन्यांत आमच्या हजेरीत तिच्या नावापुढे 'स्थलांतरित' लिहिलेलं होतं.

म्हणून मला शिक्षण आणि सुरक्षा हे दोन विषय वेगळे वाटत नाहीत. हजेरी म्हणजे रोज सकाळी घराबाहेरच्या एका मोठ्या माणसानं लेकराकडे नीट बघणं. हातावर चटका आहे का, चार दिवस एकच फ्रॉक आहे का, हसणारी पोरगी गप्प का झाली, हे वर्गातच कळतं. 2024 मध्ये बदलापूरची घटना झाली तेव्हा सगळा महाराष्ट्र पेटून उठला आणि उठायलाच पाहिजे होता, त्यानंतर सीसीटीव्ही, तक्रारपेट्या, सखी सावित्री समित्या यावर भराभर पत्रं निघाली. सखी सावित्री समितीचा जीआर खरं तर 2022 चा आहे. हे सगळं शाळेच्या आतल्या मुलांसाठी आहे आणि गरजेचं आहे. पण जी मुलगी शाळेच्या भिंतीच्या आतच नाही तिच्यासाठी तक्रारपेटी कुठे लावायची? तिच्यापर्यंत पोचायचा एकच रस्ता आहे, ती वर्गात असणं.

आपल्या राज्यात यासाठी झगडणारी परंपरा मोठी आहे. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं त्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही मागणी होती. सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्ती सुरू केली आणि 1906 मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात नेली. शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीरात कायदा केला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. तेव्हाचा एक रुपया म्हणजे मजुराच्या घरात जाणवणारी रक्कम. आणि इकडे आमच्या काळात, 1992 पासून, पहिली ते चौथीतल्या अनुसूचित जाती-जमाती, भटक्या-विमुक्त आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलींना हजेरीसाठी उपस्थिती भत्ता दिला जायला लागला, तो दिवसाला एक रुपया. वर्षं गेली, पेन्सिलची किंमत कुठल्या कुठे गेली, रुपया तिथेच राहिला. तो वाढवा म्हणून शिक्षक संघटना कितीदा तरी बोलल्या. माझं म्हणणं असं की एका रुपयानं कुणी लेकराला ठेवून जात नाही, पण आजीच्या हातात महिन्याला खरीखुरी रक्कम पडली तर नक्की ठेवून जाईल. अनाथ किंवा एकच पालक असलेल्या मुलांसाठी बाल संगोपन योजनेत महिन्याला 2250 रुपये मिळतात, त्या धर्तीवर हंगामापुरतं काही करता येणं अशक्य नाही.

शाळाबाह्य मुलं शोधायच्या मोहिमा तर होत आल्यात. 4 जुलै 2015 ला एका दिवसात अख्ख्या राज्यात सर्वेक्षण झालं, आम्ही सगळे घरोघरी फिरलो, मोजलेल्या मुलाच्या बोटाला मतदानासारखी शाई लावायची होती. 2022 मध्ये मिशन झिरो ड्रॉपआऊट झालं, 5 ते 20 जुलै. दोन्ही वेळा मनापासून काम केलेली माणसं मला माहीत आहेत, वीटभट्ट्या, पालं, बांधकामं, सगळीकडे ती गेली. पण तारखा बघा. जुलै! जुलैमध्ये ऊसतोडीवाल्यांची लेकरं आपापल्या गावात, वर्गात बसलेली असतात. ती त्या मोजणीत शाळाबाह्य निघूच शकत नाहीत. त्यांना मोजायचं तर 15 डिसेंबरला मोजा, कारखान्यांच्या परिसरात. आपल्याकडे सलग 30 दिवस गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरतात, डिसेंबरच्या मध्याला तो महिना नेमका भरलेला असतो.

माझा एक मामेभाऊ इंग्लंडमध्ये असतो. मध्यंतरी त्यानं मुलाला शाळा चालू असताना घरच्या लग्नाला इकडे आणलं तर परत गेल्यावर तिथल्या काउन्सिलची, म्हणजे स्थानिक प्राधिकरणाची, दंडाची नोटीस आली, एका मुलामागे एका पालकाला 80 पौंड, तेही तीन आठवड्यांत भरले तर. तो वैतागला होता. मला ती दंडाची पद्धत आवडत नाही, आमच्याकडे तर ती क्रूरपणाच ठरेल, उचल घेतलेल्या बाईला वरून दंड कसला लावता. पण त्या निमित्तानं वाचत गेले तेव्हा एक गोष्ट सापडली. तिथे जी मुलं घरी सुरक्षित नाहीत म्हणून काउन्सिलच्या ताब्यात असतात, सांभाळायला दुसऱ्या कुटुंबांत ठेवलेली असतात, त्यांच्यासाठी प्रत्येक काउन्सिलला एक 'व्हर्च्युअल स्कूल हेड' नेमावाच लागतो, 2014 च्या कायद्यानं. या शाळेला इमारत नाही, घंटा नाही. मुलं असतात वेगवेगळ्या शाळांत, कित्येकदा दुसऱ्याच काउन्सिलच्या हद्दीत, दूरच्या गावाला. पण त्यांचा पट एका माणसाकडे. प्रत्येक मुलाचा वेगळा शिक्षण आराखडा, तो दर टर्मला तपासायचा, आणि मूल कुठेही हललं तरी जबाबदारी मूळच्या काउन्सिलची. तिथेही सगळं छान चाललंय असं मी म्हणत नाही, तिकडच्या बातम्या मीही वाचते. पण ही एक कल्पना मला आपल्यासाठी नेमकी लागू वाटली.

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव अशा पाठवणाऱ्या प्रत्येक जिल्हा परिषदेत एक अधिकारी असा असावा की ज्याच्याकडे हंगामात बाहेर गेलेल्या प्रत्येक लेकराची यादी आहे आणि लेकरू कुठे आहे हे विचारलं की त्याला सांगता आलं पाहिजे. आणि हे शोधणं वाटतं तेवढं अवघड नाही. मुकादमाचा कारखान्याशी करार असतो. कारखान्याच्या शेतकी विभागाकडे टोळीची नोंद असते, टोळी कुठल्या गटात उतरलीय, आज कुणाच्या फडात आहे हे चिटबॉयला रोज माहीत असतं, कारण तोडीची चिठ्ठी तोच देतो. ऊस किती टन आला याचा हिशोब रात्रीच्या आत लागतो. त्याच नोंदीत टोळीबरोबर सहा ते चौदा वयाची किती मुलं आहेत एवढा एक रकाना घाला आणि तो कागद दर सोमवारी आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखाला द्या, गाळप परवान्याची अट म्हणून द्या. केंद्रप्रमुखानं शाळा ठरवायची आणि आमच्याकडच्या अधिकाऱ्याला उलट कळवायचं की मूल बसलं. आणि 30 सप्टेंबरच्या पटाबरोबर डिसेंबरचाही एक पट धरा, म्हणजे तिकडच्या शाळेला वाढीव मुलांसाठी हंगामापुरता एक शिक्षक तरी मिळेल. पूर्वी साखरशाळा होत्या, कारखान्याच्या आवारातच. त्या पुढे बहुतेक बंद झाल्या कारण आरटीईनंतर मुलं नियमित शाळेतच गेली पाहिजेत असं ठरलं. तत्त्व म्हणून ते पटतं मला. पण कोपीपासून शाळेपर्यंत न्यायला रोज गाडी नसेल तर ते तत्त्व उसाच्या फडातच राहतं.

सध्या हे चालतं ते माणसांच्या जिवावर. बालरक्षक म्हणून शाळाबाह्य मुलं शोधून शाळेत आणायचं काम करणारे शिक्षक आहेत, कुणी त्यांना वेगळं मानधन देत नाही. आम्ही जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शिक्षकांचे व्हॉट्सअॅप ग्रुप केलेत, त्यावर मी टाकते, अमुक तालुक्याच्या शिवारात टोळी उतरलीय, चार मुलं आहेत, तिसरीची दोन, पाचवीचं एक, सहावीचं एक. कोल्हापूरकडच्या एका सरांनी असाच मेसेज वाचून संध्याकाळी मोटरसायकल काढली, फडाफडातून विचारत कोप्यांपर्यंत गेले, आणि मला तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. मोबाईलच्या उजेडात माझी पोरं. पाचाट जाळल्याच्या राखेनं तोंडं काळी, मला बघून एकदम ओरडली, "मॅडम!" त्यातला सहावीतला म्हणाला, "मॅडम, हितं इंग्रजीचं पुस्तक आपलंच हाय." पुस्तक तेच आहे याचा त्याला केवढा आधार वाटला होता. सर दुसऱ्या दिवसापासून येताना त्या चौघांना रस्त्यावरून दोन फेऱ्यांत गाडीवर घेऊन यायचे, मुख्याध्यापकांनी हरकत घेतली नाही, खिचडी मिळायला लागली. मार्चमध्ये त्यांनी प्रत्येकाच्या हमी पत्रामागे स्वतःच्या हातानं लिहून पाठवलं होतं, याला आता तीन अंकी वजाबाकी येते, हिला जोडाक्षरं वाचायला त्रास होतो, लक्ष द्या. मी त्याच कागदावरून पुढे सुरुवात केली.

पण त्या सरांची बदली झाली की त्या गावात पुढे कोण, हे मला आज सांगता येत नाही.

जे कुणी हे सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुणे भागातून वाचताय त्यांच्यासाठी एवढंच लिहिते. नोव्हेंबर ते मार्च तुमच्या रस्त्याकडेला कोप्या दिसतात. शाळेच्या वेळेत तिथं सहा-सात वर्षांच्या पुढची मुलं दिसली तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना सांगा, नाहीतर केंद्रप्रमुखांना, नाहीतर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. दाखला लागत नाही, जन्माचा दाखला लागत नाही, फी नाही, पुस्तकं आणि खिचडी शाळेतच मिळते. दाखला नाही म्हणून कुणी परत पाठवत असेल तर कलम 5 दाखवा. कोपीवर एकटी मुलगी असेल, लग्नाचं कानावर आलं, किंवा काहीही वावगं वाटलं तर 1098, चोवीस तास, फोनला पैसे पडत नाहीत, आणि लैंगिक छळाची शंका असेल तर कळवणं पोक्सो कायद्यानं तुमच्यावर बंधनकारकच आहे. मुलाला त्याच्या गावाचं नाव विचारून घ्या, शाळेचंही, त्यांना पाठ असतं. ते इकडच्या शाळेला कळलं की आम्ही इयत्ता, काय येतं, काय राहिलंय, सगळं फोनवर सांगतो.